गुहागर ते गणपतीपुळे : सोबतीने सायकल चालवण्याचा एक दिवस कसा आखावा

सायकलवरून आठ-दहा दिवसांचा प्रवास करायचा म्हटले की माणसे महिना-दोन महिने सायकलीची तयारी करतात, सामानाच्या याद्या करतात, नकाशे पाहतात. पण बरोबर येणाऱ्या माणसाशी रोजचा दिवस कसा वाटून घ्यायचा, यावर निघण्यापूर्वी क्वचितच बोलतात. प्रवास बिनसतो तो बहुधा याच ठिकाणी. मी आणि माझी नणंद गेले सहा हिवाळे कोकणच्या किनाऱ्याने सायकल चालवत आहोत. ती माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान आहे, चढावर माझ्यापेक्षा पुष्कळ वेगवान आहे, आणि पहिल्या वर्षी तिसऱ्याच दिवशी आमच्यात अबोला धरला गेला होता. त्यानंतर आम्ही जी पद्धत बसवली, ती येथे एका दिवसाच्या निमित्ताने सांगते. तिचे सूत्र एवढेच आहे, की दोघांच्या प्रवासात दिवसाचे माप हळू चालवणाऱ्याच्या दमाने घ्यावे, आणि ते उपकार केल्यासारखे नव्हे तर सुरुवातीपासूनच हिशेबात धरून घ्यावे.

उदाहरणासाठी मी गुहागर ते गणपतीपुळे हा टप्पा निवडला आहे, कारण या साठ-पासष्ट किलोमीटरांत दिवसभराच्या सायकलप्रवासात येणाऱ्या जवळजवळ सगळ्या अडचणी भेटतात. रेवस ते रेडी या सागरी मार्गाची कल्पना बॅरिस्टर अ. र. अंतुले यांनी मांडली, तरी वाटेतल्या अनेक खाड्यांवर अजून पूल झालेले नाहीत. त्यामुळे दाभोळ-धोपावे किंवा तवसाळ-जयगड अशा ठिकाणी फेरीबोटीने पलीकडे जावे लागते. या रस्त्याचा स्वभाव नकाशावरून कळत नाही. गाव खाडीच्या किंवा समुद्राच्या पातळीवर असते, तेथून रस्ता वळणे घेत जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे तांबड्या कातळाच्या उघड्या पठारावर चढतो, तीन-चार किलोमीटर सड्यावरून उघड्यावर चालतो आणि पुन्हा पुढच्या गावात उतरतो. एकही चढ सह्याद्रीतल्या घाटाएवढा नाही, पण पालशेत, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ, जयगड आणि मालगुंड असे करत दिवसाअखेर आठशे ते हजार मीटर चढणे होते. त्यामुळे पुण्या-नाशिकच्या सपाट रस्त्यावरचा आपला वेग येथे धरू नये.

दिशेचाही विचार करावा. हिवाळ्यात किनाऱ्यावर सकाळी जमिनीकडून हलका वारा असतो आणि दुपारी समुद्रावरून, बहुधा वायव्येकडून, चांगला जोरदार वारा सुटतो. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणाऱ्याला तो उजव्या अंगाने आणि पाठीमागून मिळतो. उलट जाणाऱ्याला तोच वारा थकलेल्या दुपारी तोंडावर झेलावा लागतो. शक्य असेल तर हा प्रवास उत्तरेकडूनच सुरू करावा, आणि तो नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान करावा.

आदल्या संध्याकाळी

दुसऱ्या दिवसाची आखणी जेवणानंतर, अंथरुणावर पडण्यापूर्वी करावी आणि ती दोघांनी मिळून करावी. एकाने ठरवायचे आणि दुसऱ्याने मान डोलवायची असे झाले, की दुपारच्या उन्हात त्या ठरवण्याचा दोष कोणाचा याची चर्चा सुरू होते. आम्ही तीन गोष्टी ठरवतो: खाडी ओलांडायची बोट किती वाजता गाठायची, दुपारचे जेवण कोठे घ्यायचे आणि रात्री कोठे टेकायचे. बोटीची वेळ मुक्कामाच्या घरी किंवा जेट्टीवर फोन करून त्याच दिवशी विचारून घ्यावी, कारण वेळा हंगामाप्रमाणे बदलतात आणि जुन्या माहितीवर विसंबून तासभर जेट्टीवर बसावे लागते. जेवणाचेही तसेच आहे. वेळणेश्वर-हेदवीकडे घरगुती खानावळींत जेवण उत्तम मिळते, पण ते सांगितल्यावर रांधले जाते. बारा वाजता दारात उभे राहून ताट मागितले तर तासभर थांबावे लागणे साहजिक आहे.

वेळेचा हिशेब करताना हळू चालवणाऱ्याचा वेग धरावा. सामान लादलेल्या सायकलीवर कोकणच्या या चढ-उतारांत मी चालत्या चाकावर तासाला साधारण साडेबारा किलोमीटर जाते. बासष्ट किलोमीटरांना त्याप्रमाणे पाच तास लागतात. त्यात जेवण, बोटीची वाट पाहणे, पाणी भरणे, एखादे पंक्चर आणि नुसतेच समुद्राकडे पाहत बसणे मिळून पावणेचार तास धरले, तर पावणेसातला निघून साडेतीनला पोहोचता येते. डिसेंबरात येथे सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे हाताशी अडीच तास उजेड शिल्लक राहतो. ही शिल्लक प्रेक्षणीय स्थळांनी भरून टाकू नये. ती बिघाडासाठी राखून ठेवलेली असते, आणि बिघाड झाला नाही तर ती आपोआपच विश्रांतीला मिळते.

सामानाची वाटणी हाही आदल्या संध्याकाळचाच विषय आहे. निम्मे-निम्मे करणे न्याय्य वाटते, पण ते बरोबर नसते. वेगवान माणसाने दोन-तीन किलो जास्त घेतले की दोघांचा चढावरचा वेग जवळ येतो आणि एकमेकांसाठी थांबणे निम्म्याने कमी होते. आमच्यात दोघींचे कपडे सुकवण्याची दोरी, साबण, चार्जर, औषधे आणि खाण्याचा डबा नणंदेच्या पिशव्यांत असतो. मात्र काही वस्तू प्रत्येकीच्या स्वतःच्या सायकलीवर असायलाच हव्यात: दोन बाटल्या पाणी, एक सुटी ट्यूब, टायर काढायचे दोन लिव्हर, पंप, थोडी रोख रक्कम, आणि मुक्कामाच्या घराचा पत्ता व फोन नंबर कागदावर लिहून. खाडीच्या उतारांवर आणि दोन वाड्यांच्या मधल्या दरीत फोनला रेंज नसते, तेव्हा फोनमधला पत्ता कामाचा राहत नाही.

सामाईक हत्यारे, म्हणजे पान्यांचा संच, चेन तोडायचे हत्यार, चेनचा जोडदुवा, स्पोकचा पाना, पॅच आणि सोल्युशन, ही मागून येणाऱ्या व्यक्तीकडे असावीत. अनेकांना हे उलटे वाटते, कारण जड वस्तू वेगवानाने घ्यावी असे आत्ताच म्हटले. पण पुढच्या माणसाची सायकल बिघडली, तर मागचा माणूस दहा मिनिटांत तेथे येतोच. मागच्याची बिघडली आणि हत्यारे पुढच्याकडे असली, तर पुढच्याला काही कळत नाही आणि कळले तरी उतरलेला उतार पुन्हा चढून यावे लागते. त्यामुळे किलोभराची ती पिशवी मी माझ्याकडेच ठेवते. दोघांच्या सायकलींचे टायर एकाच मापाचे आणि ट्यूबचे व्हॉल्व्ह एकाच प्रकारचे असतील अशी सोय प्रवासाआधीच करावी, म्हणजे सुट्या ट्यूब एकमेकांना चालतात. गिअरच्या सायकलीचे सुटे भाग वाटेतल्या गावांत मिळतील असे धरून चालू नये. चिपळूण किंवा रत्नागिरी गाठेपर्यंत आपले आपल्यालाच निभावावे लागते.

निघताना

सकाळी सायकलीची तपासणी पाच मिनिटांत होते, पण ती एकमेकांच्या सायकलीची करावी. आपल्या सायकलीचा आवाज आपल्या कानाला सवयीचा झालेला असतो, दुसऱ्याला तो लगेच खटकतो. दोन्ही टायर अंगठ्याने दाबून आणि शक्य असल्यास पंपाच्या काट्यावर पाहून हवा भरावी. माझ्या पस्तीस मिलिमीटर रुंदीच्या टायरांत सामानासह मागे सत्तर आणि पुढे पंचावन्न पीएसआयच्या (पीएसआय हे हवेच्या दाबाचे माप) आसपास हवा ठीक बसते. ज्याचे वजन जास्त त्याला थोडी अधिक लागेल, पण टायरच्या बाजूवर छापलेली मर्यादा ओलांडू नये. मग सायकल ढकलत पुढचा आणि मागचा ब्रेक वेगवेगळा दाबून पाहावा, कॅरिअरचे चारही स्क्रू बोटांनी हलवून पाहावेत, आणि चेन कोरडी दिसत असेल तर तेलाचा थेंब प्रत्येक कडीवर सोडून जादाचे तेल फडक्याने टिपून घ्यावे. सायकलीचे तेल नसेल म्हणून स्वयंपाकघरातले खोबरेल चेनला लावू नये. त्यावर जांभ्याची लाल धूळ बसून दुपारपर्यंत चिकट राप तयार होतो.

न्याहारी भरपेट नको आणि नुसत्या चहावरही नको. घावन-चटणी किंवा पोहे आणि एक केळे एवढे खाऊन अर्ध्या तासाने निघावे. पॅड असलेली सायकलची चड्डी आतल्या कपड्याशिवाय घालावी आणि मांड्यांच्या घर्षणाच्या जागी खोबरेल किंवा व्हॅसलिन आधीच लावावे. फोड आल्यावर लावलेल्याचा उपयोग फारसा होत नाही, आणि दमट हवेत ती जखम तीन-तीन दिवस भरत नाही.

पहिला अर्धा तास कमालीचा सावकाश जावा. गुहागरच्या नारळी-पोफळीच्या बागांतून जाणारा पहाटेचा रस्ता थंड असतो, पाय ताजे असतात आणि वेग नकळत वाढतो. याच वेळी वाढवलेला वेग दुपारी व्याजासह परत करावा लागतो. सोबत बोलत चालता येईल, वाक्य पूर्ण करताना धाप लागणार नाही, एवढा वेग पहिल्या तासाला योग्य समजावा. दोघांपैकी एकाचे बोलणे तुटक व्हायला लागले की दुसऱ्याने न सांगता वेग कमी करावा.

चढावर एकत्र राहू नये

सोबतीने सायकल चालवणाऱ्यांची सर्वांत मोठी चूक म्हणजे चढावर एकमेकांना धरून राहण्याचा प्रयत्न. प्रत्येकाच्या पायांना आणि फुप्फुसांना आपली लय असते. वेगवान माणूस मुद्दाम हळू चालवू लागला तर त्याची लय मोडते, आणि हळू माणूस त्याच्या मागे धावू लागला तर पाच मिनिटांत त्याचा श्वास फुलतो. म्हणून चढ दिसला की मोकळेपणाने सुटे व्हावे. गिअर चढ सुरू होण्यापूर्वीच हलका करावा. पॅडलवर पूर्ण जोर असताना गिअर बदलला तर चेन कडकड करते आणि कधी उतरतेही. मिनिटाला साठ-सत्तर फेरे आरामात बसतील इतका हलका गिअर असावा, आणि सर्वांत हलक्या गिअरवरही तेवढे फेरे बसत नसतील तर खाली उतरून सायकल ढकलावी. वेळणेश्वरात उतरून पुन्हा वर येणाऱ्या रस्त्यावर मी दरवर्षी काही अंतर चालते. चालताना वेग तासाला चार किलोमीटर असतो, धडपडत चालवताना साडेपाच. या फरकासाठी गुडघे पणाला लावणे योग्य नाही.

आता थांबण्याचा नियम, कारण आमचा पहिल्या वर्षीचा अबोला यावरूनच झाला होता. नणंद वर पोहोचून सावलीत बसायची, पाणी प्यायची, चिक्की खायची, मी दहा मिनिटांनी वर यायची आणि मला पाहताच ती ताजीतवानी होऊन हेल्मेट चढवत म्हणायची, "चल वहिनी, निघू या." तिच्या मनात काही वावगे नव्हते. पण तिला प्रत्येक चढानंतर दहा मिनिटे विश्रांती मिळत होती आणि मला एकदाही नाही, हे तिच्या लक्षात आले नव्हते आणि ते बोलून दाखवायला मला संकोच वाटत होता. आता आमचा नियम असा आहे, की विश्रांतीची वेळ मागचा माणूस पोहोचल्यापासून मोजायची आणि निघायचे कधी ते मागून आलेल्यानेच सांगायचे. नियम अगदी साधा आहे, पण आमचा पुढचा सगळा प्रवास त्याने सुखाचा केला.

दुसरा नियम फाट्यांचा. जेथे रस्ता फुटतो तेथे पुढच्याने थांबायचेच, रस्ता कितीही उघड वाटला तरी. तिसऱ्या वर्षी हेदवीच्या पुढे एका उतारावर नणंद वेगाने निघून गेली, फाट्यावर डावीकडे वळली आणि मी सरळ गेले. दोघींच्याही फोनला रेंज नव्हती. ती माझी वाट पाहत एका वाडीच्या एस.टी. थांब्यावर बसली होती आणि मी तिला गाठण्यासाठी जोरात चालवत तिच्यापासून दूर जात होते. एका दुधाच्या गाडीवाल्यामुळे आमची गाठ पडली, पण त्यात दीड तास गेला आणि ठरलेली बोट चुकली. चुकामूक झालीच तर काय करायचे हेही आधी ठरलेले असावे: आमच्यात, अर्धा तास दुसरी दिसली नाही तर दोघींनी शेवटच्या एकत्र थांबलेल्या जागी परत यायचे असे ठरलेले आहे. दोघेही एकमेकांना शोधत फिरू लागले की सापडण्याची शक्यता कमी होते. ठरलेल्या एका जागी येण्याने ती वाढते.

उतारावर अंतर वाढवावे. सड्यावरून गावात उतरणारे रस्ते अरुंद आणि आंधळ्या वळणांचे आहेत, वळणावर जांभ्याची बारीक खडी साचलेली असते, आणि एस.टी. वळताना पूर्ण रस्ता घेते. वळणात शिरण्यापूर्वी सरळ भागातच दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबून वेग उतरवावा. वळणात खडीवर पुढचा ब्रेक दाबला तर चाक सरकते. रिमवर लागणारे ब्रेक असतील तर ते सतत दाबून ठेवू नयेत, दाबून-सोडून वापरावेत, नाहीतर रिम तापते. पुढच्याने खड्डा, खडी किंवा समोरून येणारी गाडी हाताने आणि आवाजाने कळवावी, आणि मागच्याने मागून येणाऱ्या गाडीची वर्दी द्यावी. सपाटीवर वारा अडवण्यासाठी एकामागे एक चालवताना सामान लादलेल्या सायकलींत निदान दीड सायकलीचे अंतर असावे, कारण पिशव्यांच्या वजनामुळे थांबायला जास्त जागा लागते.

पाणी आणि खाणे

कोकणातल्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही आणि घाम अधिकच सुटतो. डिसेंबरातही दुपारी तापमान तिशी ओलांडते. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी, तेही एकदम न पिता दर दहा-पंधरा मिनिटांनी दोन-तीन घोट, असे प्यावे. मात्र नुसते पाणीच पीत राहणे धोक्याचे आहे. घामाबरोबर मीठ जाते, आणि फक्त पाणी भरत राहिले तर रक्तातले सोडियम कमी होऊन डोके दुखते, मळमळते, माणूस गोंधळल्यासारखा वागतो. दोन बाटल्यांपैकी एकीत साधे पाणी आणि दुसरीत चिमूटभर मीठ घातलेले कोकम किंवा लिंबाचे सरबत ठेवावे. ओआरएसची एक लिटरची पुडी पाऊण लिटरच्या बाटलीत पूर्ण रिकामी करू नये; ती लिटरभर पाण्यातच कालवायची असते. सकाळी दहापर्यंत एकदाही लघवीला जावेसे वाटले नाही किंवा तिचा रंग गडद पिवळा असला, तर आपण मागे पडलो आहोत असे समजून सावलीत थांबावे. स्त्रिया सोयीच्या जागेअभावी मुद्दाम कमी पाणी पितात, मीही पहिल्या वर्षी तेच करीत होते. त्यावर उपाय एकच: देऊळ, शाळा किंवा एखादे घर दिसले की निःसंकोच विचारावे. या पट्ट्यात मला आजवर कोणी नाही म्हटलेले नाही.

खाण्याचेही तसेच, भूक लागण्यापूर्वी खावे. चालत्या प्रत्येक तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदके पोटात जावीत. एका मध्यम केळ्यात साधारण पंचवीस ग्रॅम असतात, म्हणजे एक केळे आणि एक राजगिऱ्याचा लाडू किंवा गूळ-शेंगदाण्याची चिक्की एवढे पुरते. येथे सोबतीचा खरा उपयोग होतो, कारण आपले भान सुटत चालले आहे हे आपल्याला कळत नाही, दुसऱ्याला कळते. चिडचिड, उगाच हट्ट, साध्या प्रश्नाला तुटक उत्तर ही बहुतेक वेळा भुकेची लक्षणे असतात. आम्ही उपाशीपोटी मार्ग बदलण्याचा निर्णय घेत नाही. आधी काहीतरी खायचे, दहा मिनिटे बसायचे, आणि मग बोलायचे.

हेदवीला साडेदहा-अकराच्या सुमारास पोहोचल्यावर दशभुजा लक्ष्मीगणेशाच्या देवळाच्या आवारात सावली मिळते. भरतीची वेळ जुळत असेल तर किनाऱ्यावरच्या बामणघळीपाशी जावे. खडकातल्या अरुंद चिरेतून लाट आत शिरते आणि उंच उसळते. त्या खडकांवर सायकलचे क्लीट (पॅडलमध्ये अडकणारी तळाची पट्टी) असलेले बूट घालून जाऊ नये, पाय निसटतो. दुपारचे जेवण येथेच उरकावे, पण भाताचे प्रमाण बेताचे ठेवावे, कारण जेवणानंतर लगेच सड्यावरचा सर्वांत उघडा भाग येतो.

खाडी आणि पलीकडचा रस्ता

तवसाळच्या जेट्टीवर बोटीच्या वेळेआधी वीस मिनिटे पोहोचावे. सायकली दुचाकींबरोबर चढवतात. ओहोटी असेल तर धक्क्याच्या उताराचा खालचा भाग शेवाळाने निसरडा झालेला असतो, म्हणून सायकलीवरून उतरून, दोन्ही ब्रेक हातात ठेवून, एकाने आपली सायकल आत नेईपर्यंत दुसऱ्याने मागे थांबावे. बोटीत सायकली एकमेकींना टेकवून पॅडल अडकवण्यापेक्षा कठड्याला बांधाव्यात. शास्त्री नदीची खाडी ओलांडताना मुखाशी जयगडचा किल्ला दिसतो. पाच-दहा मिनिटांच्या या वेळेत बूट काढून पाय मोकळे करावेत. शेवटची बोट चुकलीच, तर राई-भातगाव पुलावरून वळसा घालून जाण्याचा मार्ग आहे, पण थकलेल्या अंगाने आणि सरत्या उजेडात तो करू नये. हेदवीकडे परत जाऊन मुक्काम करावा आणि गणपतीपुळ्याच्या घरी फोन करून तसे कळवावे.

जयगडच्या बाजूला बंदराकडे जाणाऱ्या अवजड गाड्यांची वर्दळ असते. येथे शेजारी-शेजारी चालवू नये, आणि दोघांच्या मागच्या बाजूला लाल दिवा दिवसाही सुरू ठेवावा. ट्रकच्या फुटलेल्या टायरांमधल्या केसासारख्या बारीक पोलादी तारा या रस्त्याच्या कडेला पडलेल्या असतात आणि पंक्चर होते ते बहुतेक त्यांच्यामुळेच. दोन वर्षांपूर्वी चढाच्या मध्यावर माझे मागचे चाक बसले. आम्ही ट्यूब बदलली, हवा भरली आणि चारशे मीटरवर चाक पुन्हा बसले, कारण ट्यूब बदलताना तार टायरमध्येच राहिली होती. तेव्हापासून पंक्चर काढताना आम्ही एक क्रम मोडत नाही.

आधी मागच्या पिशव्या काढून सायकल रस्त्यापासून दूर सावलीत न्यावी. चाक काढण्यापूर्वी चेन सर्वांत लहान चकतीवर आणावी, म्हणजे ती परत बसवताना त्रास होत नाही. ट्यूब बाहेर काढली तरी तिचा व्हॉल्व्ह टायरच्या कोणत्या अक्षरासमोर होता ते लक्षात ठेवावे. मग ट्यूबमध्ये थोडी हवा भरून ती ओठांजवळून फिरवावी. ओठांना बोटांपेक्षा हवेची झुळूक लवकर कळते. भोक सापडले की ट्यूब टायरवर पूर्वीच्याच स्थितीत धरावी आणि टायरची तेवढीच जागा आतून-बाहेरून तपासावी. बोट आत घालून चाचपडू नये, तार बोटात घुसते. हातरुमाल किंवा कापसाचा बोळा आतून सावकाश फिरवावा, तार असेल तेथे त्याचे धागे अडकतात. त्या दिवशी माझ्या रुमालाचा एकच निळा धागा ओढला गेला. नणंदेने टायर तेथे वाकवून धरला, तेव्हा रबरातून तारेचे टोक तिळाएवढे चमकले आणि नेलकटरच्या चिमट्यात धरून ते ओढल्यावर एक सेंटिमीटरभर लांब तार बाहेर आली. एकाने टायर वाकवून धरायचा आणि दुसऱ्याने ओढायची, हे एकट्याला फार अवघड जाते. नव्या ट्यूबमध्ये आकार येण्यापुरती हवा भरून ती बसवावी, टायरची कड हातानेच चढवावी, लिव्हरने चढवताना ट्यूब चिमटते. पूर्ण हवा भरण्यापूर्वी टायर दोन्ही बाजूंनी दाबून ट्यूब कोठे अडकलेली नाही ना, ते पाहावे.

जयगडपासून पुढे वीसेक किलोमीटर उरतात. दुपारचा वारा एव्हाना पाठीशी असतो, आणि सकाळी राखून ठेवलेला वेळ शिल्लक असेल तर मालगुंडला केशवसुतांच्या जन्मगावी असलेल्या स्मारकाशी अर्धा तास थांबता येते. या शेवटच्या टप्प्यात वेगवान माणसाने मागे राहावे असे मी सुचवीन. दिवसभर जो पाठीमागून आला, त्याला शेवटचा तास पुढे चालवायला मिळाला की त्याचा शीण बराच कमी होतो, आणि मागचा माणूस त्याच्या पाठीचा वाक आणि पायांची गती पाहून तो कितपत थकला आहे हे नेमके ओळखू शकतो.

मुक्कामी पोहोचल्यावर

पोहोचल्या पोहोचल्या आडवे होण्याचा मोह टाळून आधी अर्ध्या तासात खाणे, अंघोळ आणि कपडे ही तीन कामे उरकावीत. काहीतरी गोड आणि काहीतरी खारे खाऊन भरपूर पाणी प्यावे. सायकलची चड्डी रोज धुवावी. कोकणच्या दमट हवेत ती रात्रीत सुकत नाही, म्हणून पिळल्यावर कोरड्या पंच्यात गुंडाळून तो पंचा पुन्हा पिळावा आणि पंख्याखाली दोरीवर टाकावी. तरीही दोन जोड बरोबर हवेतच. सायकलीवर समुद्राच्या पाण्याचे शिंतोडे उडाले असतील तर चेनवर गोडे पाणी ओतून फडक्याने कोरडी करावी आणि तेल लावावे, नाहीतर सकाळी तिच्यावर तांबूस गंज दिसतो.

मग जेवणापूर्वी दोघांनी एकमेकांना एकच प्रश्न विचारावा, आणि त्याचे उत्तर खरे द्यावे: कोठे दुखते आहे? गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर सीट खाली गेली आहे का पाहावे. पॅडल सर्वांत खाली असताना गुडघ्यात थोडासाच वाक राहायला हवा. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होत असेल तर हँडलवर तळहाताचा भार एकाच जागी पडतो आहे. पकड बदलत राहावी आणि हातमोजे वापरावेत. बसायच्या जागी चुरचुरत असेल तर उद्याचा टप्पा चाळीस किलोमीटरांवर आणावा. गणपतीपुळ्याहून आरे-वारेच्या किनाऱ्याने रत्नागिरी साधारण पंचवीस-तीस किलोमीटर आहे, त्यामुळे दुसरा दिवस सोपा ठेवणे येथे सहज शक्य होते. दुखणे सांगणाऱ्याला "एवढ्याने काय होते" असे कधीही म्हणू नये. तसे एकदा म्हटले की पुढच्या वेळी तो दुखणे लपवतो आणि ते कळते तेव्हा सायकल एस.टी.च्या टपावर चढवण्याची वेळ आलेली असते.

जेवण झाल्यावर उद्याचे अंतर, उद्याची न्याहारीची वेळ आणि पहिला थांबा एवढे ठरवून, घरमालकिणीला पहाटे दिंडी उघडी मिळेल का ते विचारून, टायर एकदा हाताने दाबून पाहून झोपावे. रात्री हळूहळू हवा जाणारे बारीक पंक्चर असेल तर ते सकाळी निघताना नव्हे, उठल्याबरोबर कळते, आणि चहा उकळेपर्यंत दोघांनी मिळून ते काढून टाकता येते.